आईला नसलेला खोकला

सन्माननीय अध्यक्षा इरावतीताई, व्यासपीठावरचे पाहुणे, सत्कारमूर्ती श्यामकांतराव, आणि बटाटेवड्यांच्या वासाने अस्वस्थ झालेल्या सभासद बंधुभगिनींनो,

वडे थोडे थांबतील. आपल्या इमारतीखाली छत्तीस वर्षं औषधांचं दुकान चालवून श्यामकांतराव आज निवृत्त होताहेत. त्यांच्यासाठी मला पाच मिनिटं द्या. माझी पाच मिनिटं केवढी असतात, ते मुलुंडभर ठाऊक आहेच.

नशा म्हटलं की डोळ्यांपुढे कोण येतं? पुलाखाली पडलेला कुणी अनोळखी माणूस, होय ना? पाच वर्षांपूर्वी गणेशोत्सवात याच माइकवरून मी व्यसनमुक्तीवर तासभर गरजलो. टाळ्या पडल्या. त्याच आठवड्यात माझा मुलगा अनय नशेसाठी खोकल्याचं औषध बाटलीच्या बाटली पीत होता. व्यसन माझ्या घरात लेबल लावून, मापाच्या झाकणासकट आलं होतं. हे सांगायला त्याची परवानगी आहे. तिसऱ्या रांगेत बसून हसतोय तो.

औषध न्यायचा आजीच्या नावावर. ओळखीचा मुलगा म्हणून श्यामकांतरावांनी चिठ्ठी न मागता तीन बाटल्या दिल्या. चौथी दिली नाही. शटर अर्धं ओढून चार जिने चढून आले आणि माझ्या आईला म्हणाले, "वसुधाताई, खोकला कसा आहे?"

"कुणाचा? सकाळी भजनात वरचा सा लावला मी. दुकानापर्यंत आला नाही?"

"आला ना. म्हणून तर चढून आलो."

मग माझ्याकडे वळले. "साहेब, तीन बाटल्या माझ्या हातून गेल्या. चुकलंच माझं. पण पोराला डॉक्टरकडे न्या. मी येतो सोबत."

मी काय केलं? "औषधं विका, लोकांच्या पोरांवर आळ घेऊ नका," असं सगळ्या जिन्याला ऐकू जाईल इतक्या जोरात ओरडलो. पाणीसुद्धा विचारलं नाही. आईने अनयची बॅग पालथी केली, दोन रिकाम्या बाटल्या घरंगळल्या, तेव्हा कुठे माझा आवाज बसला.

तरीही दुसऱ्या दिवशी हे सोबत आले. पुढे वर्षभर दर गुरुवारी अनयबरोबर समुपदेशनाला गेले. मधे एकदा तो घसरला, तेव्हाही हेच गेले. गुरुवारी दुकान उशिरा उघडतं म्हणून तुम्ही कुरकुरत होतात. कारण मला माहीत होतं, पण माझ्या अब्रूपायी मी गप्प बसलो.

मित्रहो, मधुमेह झाला की आपण जिन्यात एकमेकांना पथ्यं विचारतो. व्यसन जडलं की दार लावून घेतो. का? तोही आजारच आहे, त्यालाही डॉक्टर आहेत. दार उघडा. माझ्या मुलाला चार वर्षं झाली नशेला हात न लावून, ती कुणीतरी दार वाजवलं म्हणून.

आयोजकांचे, अध्यक्षांचे आणि तुमच्या सोशिक कानांचे आभार. भाषणात अधिकउणं झालं असेल ते सभेने पोटात घालावं. जिन्यातलं माझं बोलणं मात्र सभेने माफ करण्यासारखं नाही. श्यामकांतराव, मी चुकलो. तुम्ही तुमची चूक त्याच दिवशी सांगितलीत. मला पाच वर्षं लागली.