सदतीस नंबरचा लेख

नाही नाही, संदर्भयादीत ती लिंक तशी नाही द्यायची — गुगलमधून उचललीस ना, दीड ओळ लांब? ती उद्या उघडेल याची खात्री नाही. डीओआय टाक. लेखाच्या पहिल्या पानावर असतो, वर नाहीतर खाली, दहापासून सुरू होणारा आकडा. जर्नलने वेबसाइट बदलली, कंपनी विकली गेली, तरी त्या आकड्यावरून लेख सापडतो — माणसानं घर बदललं तरी मोबाइल नंबर तोच असतो, तसं. आणि डीओआय असला की पाहिल्याची तारीख नको, ती उगाच सगळ्यांना लावलीयेस. ते करंजाड्याच्या सायबर कॅफेवाल्यानं सांगितलं असणार. असू दे, मनस्वी, तुझं काम चांगलंय, मी वाईट कामाला बसवून नाही घेत कोणाला. चहा घे, गार होईल. बिस्किटं आहेत, डब्यात कुठंतरी — मी एकटाच खातो, त्यामुळे मऊ पडतात.

हां, सदतीस नंबर. खाडीच्या गाळातलं शिसं. हा लेख तू वाचलेला नाहीस. — मान कसली हलवतेस, नाही वाचलेलास. दुसऱ्या कोणाच्या यादीतून उचललास. कसं कळलं? तू लेखिकेचं नाव लिहिलंयस ऋता खांबेटे. गेल्या वर्षी तुमच्याच कॉलेजातल्या एका प्रबंधात हीच चूक होती, तिथनं तू घेतलंस, हो की नाही? लेख उघडला असतास तर दिसलं असतं. लेखावर नाव आहे ऋता खांबेटे-होल्म. आपल्याला माहीत असलेलं नाव नाही लिहायचं, छापलेलं लिहायचं. मला स्वतःलाच ते तिथं कळलं — म्हणजे तिचं लग्न झालं ते. त्याच्या आधीच्या लेखापर्यंत नुसतं खांबेटे होतं. नावाखाली विद्यापीठ असतं ना, त्यावरून गाव कळतं. आधी इंग्लंड होतं, आता डेन्मार्क आहे. होय. दारावरची पाटी वाचलीस म्हणजे तू. माझीच मुलगी.

तुला सांगायचं नव्हतं खरं तर. आता निघालंच आहे तर ऐक. मी ग्रंथपाल होतो आणि ऋता आमच्याच कॉलेजात पीएच.डी. करत होती. प्रबंध जमा करायच्या आधी ग्रंथपालाची सही लागते, तुलाही लागेल. तिच्या यादीत दोनशे सहा संदर्भ होते. मी एकेक उघडून बघितला — सगळ्यांचे बघायचो, तिचे का सोडू? अकरा लेख तिनं वाचलेलेच नव्हते. वर्ष एक, खंड भलताच, एक तर त्या जर्नलमध्ये आलेलाच नाही. म्हटलं, वाच आणि मग आण. ती म्हणाली, बाबा, सगळे असंच करतात, पुढच्या आठवड्यात शेवटची तारीख आहे. जयमाला — माझी बायको — तेव्हा केमोला जात होती, आठवड्याआड. तीही म्हणाली, करा हो सही, कोण बघतंय. मी नाही केली. मुलगी म्हणून केली असती तर लोकांनी — लोकांनी काहीही म्हटलं नसतं, खरं सांगायचं तर. कोणाला पत्ताही लागला नसता.

तारीख चुकली, पुढचे सहा महिने गेले. मग तोंडी परीक्षा लांबली, गाईड रजेवर गेले, असं करत करत ऋताला पदवी मिळाली ऑगस्टमध्ये. जयमाला त्याच्या आधीच, फेब्रुवारीत गेली. तिला फक्त तेवढं बघायचं होतं, साडीपण काढून ठेवली होती तिनं, मोतिया रंगाची, इथंच आहे आतल्या कपाटात. तेराव्याला पाहुणे गेल्यावर ऋता माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, अकरा लेख होते. मी सगळे वाचले. पण आईकडे तेवढा वेळ नव्हता." एवढंच. रडली नाही, भांडली नाही. पदवी घेतली आणि गेली. सहा वर्षं झाली. तिचा नंबर बदललाय, माझा तोच आहे. मी बरोबर होतो गं. यादी चुकीची होतीच. पण मी बरोबर असून काय करायचंय, मला तिची फार आठवण येते.

एकदाच बोललो. म्हणजे मेल केली — लेखावर पत्रव्यवहारासाठी पत्ता असतो ना, त्याच्यावर. दोन वर्षांपूर्वीच्या लेखात तेवीस नंबरच्या संदर्भाचा खंड चुकला होता. तेवढंच लिहिलं, खाली विलास खांबेटे. बाबा लिहायचं धाडस झालं नाही. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "धन्यवाद, दुरुस्त करते. ऋता." मराठीत लिहिलं होतं. मी वाचलं दोन-चारदा — दोन-चारदा कसलं, रोज वाचतो. तेव्हापासून तिचा प्रत्येक लेख आला की मी मागून सुरुवात करतो, संदर्भांपासून. दुपारभर बसतो. मागच्या महिन्यात नवीन आला, एकोणसत्तर संदर्भ, एकूणएक उघडून पाहिला, पानं मोजली, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं. एकही चूक नाही. माझ्यासारखी झालीये ती. मग आता कशाबद्दल लिहू मी तिला?

काय? — कशी आहेस, असं? नुसतंच?

चुकीबद्दल लिहिलं की तिला उत्तर द्यावंच लागतं, मनस्वी. नियमच आहे तसा. कशी आहेस विचारलं आणि तिनं काहीच कळवलं नाही, तर मग मी — नको. सदतीस नंबर वाचून ये, सोमवारी बघू. ऊठ तू. लिफ्ट बंद आहे, जिन्यानं सावकाश उतर.