माळ्यावरचा तुकडा

मंडळी, आज जरा अडचणीचा प्रश्न घेऊन उभा राहिलोय. आम्ही बुवा लोक वर्षानुवर्षं तुम्हाला सांगतो — आशा सोडा! आशा माणसाला नाचवते! तुम्ही माना डोलावता. आणि कीर्तन आटोपलं की हाच बुवा हळूच विचारतो, "उद्या मंडळी जास्त येतील ना हो?" हसू नका पेटीवाले, तुम्हीही विचारता! मग आशा सोडायची की धरायची? आणि ज्याच्या शब्दावर चार माणसं चालतात, घरातला कर्ता म्हणा, गावचा म्होरक्या म्हणा, त्याने लोकांना आशा द्यायची, म्हणजे नेमकं द्यायचं काय?

ऐका तर. मालवणकडच्या किनाऱ्यावर एक लहान गाव होतं. तिथे रापण चालायची. घाटावरची मंडळी असतील त्यांच्यासाठी सांगतो — रापण म्हणजे अख्ख्या गावाचं एक जाळं. होडी ते समुद्रात गोल सोडून येते, आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावरून माणसं ओढतात. पण खरी गंमत पुढे आहे. हे जाळं कोणा एकाचं नसतं! प्रत्येक घर आपापला तुकडा विणून आणतं, आणि तुकड्याला तुकडा जोडून जाळं होतं. आणि वाटणीचा नियम काय? ज्याचा हात दोरीला, त्याचा वाटा. म्हातारी असो, पोर असो, वाटेने जाणारा पाहुणा असो. आहे की नाही देवाघरचा न्याय?

या रापणीचा म्होरक्या होता मेघश्याम. सगळं गाव त्याला आबा म्हणायचं. गोड माणूस! आवाज असा, की नुसतं "ओढा रे" म्हणाला तर मंडळी जेवण टाकून उठायची. पण त्या वर्षी काय झालं कोण जाणे, नारळी पौर्णिमा झाली, जाळं पाण्यात पडलं, आणि आलं काय? शेवाळ! दुसऱ्या दिवशी शेवाळ आणि दोन खेकडे. माणसांचे चेहरे उतरले. आबाला ते बघवेना. माया फार होती ना! मग त्याने काय करावं? सकाळी पाण्यात उतरला, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, डोळे मिटले आणि म्हणाला, उद्या बांगडा येणार.

लोक हरखले. बायकांनी मसाला वाटून ठेवला. दुसऱ्या दिवशी बांगडा आला? कुठला! आबाने पुन्हा पाणी चाखलं, पुन्हा उद्याचा वायदा. असं रोज चाललं, मंडळी. शेवटी त्याचा पुतण्या लवू, जरा तिखट जिभेचा गडी, तोही पाण्यात उतरला. त्यानेही ओंजळ तोंडात घेतली, थुंकला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "खारट. काल पण खारटच होता."

झालं! सगळे हसले. आणि म्होरक्याला लोक एकदा हसले, की ते हसू चिडण्यापेक्षा वाईट. लवूने पुढे होऊन सांगितलं, "आबा, आमचो तुकडो आमका देवा. आमी आपली लहान जाळी टाकू, पोटापुरता बघू." त्याने गाठी सोडल्या, आपला तुकडा खांद्यावर टाकला आणि चालू लागला. त्याच्यामागे दुसरा निघाला, मग तिसरा. संध्याकाळपर्यंत त्या भल्यामोठ्या जाळ्याला अशी खिंडारं पडली, की त्यातून होडी निघून जावी. उरलेल्यांनी सांगून टाकलं, आठवडाभरात आमचेही तुकडे नेऊ. रापण मोडली तर म्हाताऱ्यांचा, विधवांचा वाटा कोण देणार? ज्याला होडी नाही, त्याच्या ताटात काय पडणार? 

आबा घरी आला तो पडवीत बसला. घरात माणसं दोनच, तो आणि सून सुभद्रा. मुलगा समुद्राने नेला होता, मागल्या साली. सुभद्राने पेज वाढली. आबा जेवेना. लोकांवर चिडला, लवूवर चिडला. लोकांना धीरच नाही, आशाच नाही, म्हणाला. सासऱ्याला ती मामानू म्हणायची. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि बोलली. बोलणारी बाई नव्हती हो ती, पण त्या दिवशी बोलली.

"मामानू, रापणीतलो पयलो तुकडो लवूने नाय काढूक. तुमी काढलात."

आणि ते खरं होतं. मुलगा गेला, त्यानंतर त्याच्या हातचा तुकडा डोळ्यांसमोर नको म्हणून आबाने गुपचूप जाळ्यातून सोडवला, शेजारचे तुकडे ओढून एकमेकांना जोडले आणि तो घरात माळ्यावर टांगला. बाहेर कोणाला पत्ता नाही. सुनेला कसा नसणार? रोज चूल पेटवताना तिला तो वर दिसायचा. आणि हिलाही म्हणाला होता, तू आता किनाऱ्यावर येऊ नको, दोरीला हात लावू नको.

"लोकांका उद्याचा सांगतास," सुभद्रा म्हणाली, "आणि आपल्या घरात उद्या येवक देणास नाय. माजो घोव गेलो, मामानू. माजे हात खय गेले?"

 म्हातारा पोटभर रडला. आजवर रडलाच नव्हता बिचारा, लोकांना उमेद देण्यात गुंतला होता.

सकाळी सूर्य वर आला तेव्हा आबा किनाऱ्याच्या मधोमध बसलेला. मांडीवर मुलाचा तुकडा, उंदरांनी कुरतडलेला. हातात सुई आणि दोरा. शेजारी सुभद्रा. कोणाला हाक नाही, भाषण नाही. लोक जमले. एकीने विचारलं, आबा, आज मासळी येणार का? आबा मान वर न करता म्हणाला, "माका म्हायत नाय. भोकां दिसतत, ती शिवतंय."

ऐकलंत? काल ज्याला समुद्राच्या पोटातलं सगळं ठाऊक होतं, त्याला आज काहीच ठाऊक नाही! पण गंमत बघा, काल लोक त्याच्यापासून उठून गेले, आज उठेनात. आणि आबाची नजर अधू. गाठी मारतोय त्या कशा? एक सैल, एक वाकडी! आता गवयासमोर बेसूर गा आणि जाळं विणणाऱ्यासमोर वाकडी गाठ मारा, एकच. त्याला उपास सोसेल, पण ते सोसणार नाही. लवू लांब उभा होता. त्याने तोंड फिरवलं. पुन्हा वळून बघितलं. शेवटी राहवेना, आला तरातरा. "गाठ अशी मारतत? हाडा हकडे!" म्हणत त्याने सुई हिसकावली आणि बसला. दुपारपर्यंत तो तुकडा नवा झाला. मग लवू घरी गेला आणि स्वतःचा तुकडा खांद्यावर घालून परत आला. बाकीचे काय घरी बसतात?

जाळं पुन्हा एक झालं. पाण्यात पडलं. आता तुम्ही वाट बघताय, बुवा मासळीचा डोंगर दाखवणार! नाही हो. जाळं रिकामं आलं. पुन्हा शेवाळ!

पण दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा कोणीही आपला तुकडा सोडवायला आलं नाही. आले ते आपापली सुई घेऊन आले. आशा म्हणतात ती ही, मंडळी! वायदा दिला की माणूस वाट बघत बसतो. आशा दिली की तो सुईत दोरा ओवतो. जी सोडा म्हणून आम्ही ओरडतो, ती वायद्याची आशा. जी धरायची, ती ही.

बांगडा आला पुढे, येतोच कधीतरी. त्या दिवशी दोरीला सुभद्राचा हात होता. वाटण्या झाल्या, तेव्हा आबाने तिचा वाटा आपल्या हाताने तिच्या पाटीत घातला. "घराचो नाय हो वाटो," म्हणाला, "हो तुजो." ती पाटी डोक्यावर घेऊन चालली, आणि म्हातारा ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला.

आता तुमच्याकडे येतो. सुटका नाही! दुसऱ्याला धीर देण्यात आपण सगळे पटाईत. "होईल हो सगळं नीट," म्हणत गावभर हिंडतो. पण घरी माळ्यावर काय टांगलंय? कोणी भावाशी बोलणं टांगलंय. कोणी दुखण्यानंतर उंबरा ओलांडणं टांगलंय. मागे बसलेल्या ताई, मान खाली घालू नका. इथे प्रत्येकाच्या घरी माळा आहे, माझ्याही.

देवा रामेश्वरा, मासळी द्यायची की नाही, तो तुझा कारभार. आमच्या हातांना सुई पेलवू दे, आणि आमची गाठ वाकडी पडली, तर ती न बघवणारा एखादा लवू शेजारी धाड. वाजवा हो मृदंग! आणि मंडळी, प्रसाद घेऊन घरी गेलात, की आधी माळ्याला शिडी लावा.