परतीच्या फेरीत मेव्हणा

...आणि वर तोंड करून म्हणतात काय, तर खेळणं! अहो, खेळण्यानं कोणाच्या नडगीला टाके पडतात का? आमच्या क्लबच्या सेक्रेटरींना विचारा, पँट वर करून दाखवतील... नको, विचारूच नका, कारण ते खरंच दाखवतात, माणसं जेवायला बसलेली असली तरी दाखवतात! माझी बोट काठावर चढली, गवत कापत गेली, आधी खुर्चीचा पाय कापला आणि मग खुर्चीत बसलेल्याचा. बोट केवढी, तर माझ्या हाताएवढी! मागचा पंखा केवढा, तर बशीत मावेल एवढा! पण तो पंखा एकदा फिरायला लागला ना... तुम्हाला सांगतो, खेळणं म्हणू नका त्याला!

आता तुम्ही म्हणाल, रिमोटवर चालणारी बोट, ती कसली बोट. म्हणा! आमच्या सासूबाईही म्हणायच्या. बॅटरीवरची मोटर, पुढे चोचीसारखं टोक, आणि काम एकच, सरळ रेषेत जीव घेऊन पळायचं. पाण्यात दोन खांब, खांबांवर यंत्राचे डोळे, त्यांच्यामधून बोट गेली की वेगाचा आकडा लागतो. एकदा जायचं, मग उलट यायचं, दोन्हींची सरासरी म्हणजे रेकॉर्ड. उलट का यायचं? तर वारा पाठीशी होता असं उद्या कोणी म्हणू नये म्हणून! हे सगळे नियम आमच्या सासऱ्यांना तोंडपाठ. ते वजन-मापं तपासायच्या खात्यात निरीक्षक होते, जन्मभर दुकानदारांचे काटे पकडले, आता निवृत्त झालेत तर आम्हाला पकडतात. क्लबचे पंच तेच. आणि क्लबच्या फळ्यावर रेकॉर्ड कोणाच्या नावावर? त्यांच्याच चिरंजीवांच्या! म्हणजे माझ्या मेव्हण्याच्या!

मेव्हणा दातांचा डॉक्टर आहे. माझी दाढ दुखली तेव्हा मी त्याच्याकडेच गेलो, घरचा डॉक्टर आहे म्हणून... बुद्धी फिरली हो माझी, दुसरं काय! त्यानं खुर्ची मागे पाडली, माझ्या तोंडात नळी, नळीशेजारी कापूस, कापसाशेजारी ड्रिल, आणि ते घर्र घर्र चालू ठेवून हा गोड आवाजात विचारतो, "भाऊजी, या खेपेला बॅटऱ्या वाढवल्यात का? नुसती मान हलवा." मान हलवा! ड्रिल दाढेत आहे आणि हा म्हणतो मान हलवा! मी डोळे मिचकावले, तर म्हणे, "डोळ्यांचं कळत नाही मला, ते तुमचं खातं." मी चष्मेवाला ना, म्हणून हा विनोद! मी तिथे फासावर चढल्यासारखा पडलोय आणि याला विनोद सुचतायत!

आणि दर रविवारी सासुरवाडीला जेवण. सासूबाई याला वाढताना म्हणणार, "खा रे, रेकॉर्ड करून दमलास." अहो, रेकॉर्ड करून किती काळ लोटला, अजून दमलेलाच आहे का तो? आणि माझ्याकडे वळून, "जावईबापू, तुम्ही चष्मे मात्र छान करता हं." मात्र! त्या 'मात्र'नं माझी झोप उडवली! मला काय हवं होतं हो? बंगला मागितला का? गाडी मागितली का? त्या फळ्यावर माझं नाव. एकट्याचं. आणि मेव्हण्याचं पुसलेलं. बस्स!

त्यासाठी घरात काय नाही सोसलं! या बॅटऱ्या चार्ज करायच्या म्हणजे जिवाशी खेळ, फुगतात, फुटतात, पेटतात. म्हणून मी त्या जुन्या कुकरात ठेवून चार्ज करायचो, झाकण नुसतं टेकवून. एकदा बायको शेजारी भाजी निवडत होती आणि धडाम! झाकण वर गेलं ते छताच्या गिलाव्यात रुतलं, कुकर उडाला तो फ्रिजच्या दारात घुसला, सगळीकडे धूर, धुरात बायको, बायकोच्या हातात सुरी! मी आधी विचारलं, "बॅटरी वाचली का गं?" हे विचारायला नको होतं. तुम्हाला सांगतो, त्या सुरीकडे बघून मी मनात हेच म्हणालो, खेळणं म्हणू नका त्याला!

तर तो दिवस उजाडला. बंद पडलेल्या खाणीत साचलेलं तळं, पाणी कसं, तर घासून ठेवलेल्या भिंगासारखं सपाट. सपाटच लागतं! नुसती एक लाट मध्ये आली तर बोट हवेत जाते, उलटी पडते, चक्काचूर! मी बोट सोडली. आणि ती सुटली हो! मोटर अशी किंचाळली की काठावरची बदकं चालत रस्त्यापर्यंत गेली. दोन खांबांच्या मधून सूंऽऽ... आणि सासऱ्यांनी आकडा पाहिला. चष्मा पुसला. पुन्हा पाहिला. मग कोणाचं सुतक सांगावं तशा आवाजात म्हणाले, "जाण्याच्या फेरीत जावईबापू पुढे आहेत."

मेव्हण्याचं तोंड बघायला हवं होतंत! आपलाच दात आपणच उपटल्यासारखं!

आता फक्त परतीची फेरी. आणि इथेच तर गोची आहे! बोट आपल्यापासून लांब जाते तोवर डावं ते डावं आणि उजवं ते उजवं. पण ती वळून आपल्याकडे तोंड करून आली की रिमोटवर सगळं उलटं! डावीकडे दाबाल तर तुमच्या डोळ्यांना ती उजवीकडे जाताना दिसते! भले भले इथे फसतात, सेक्रेटरींची नडगी इथेच गेली. म्हणून माझी एक युक्ती. मी बोटीकडे पाठ करून उभा राहतो आणि खांद्यावरून मागे बघतो. म्हणजे आम्हा दोघांची तोंडं एकाच दिशेला, डावं ते डावंच! दिसायला दिसतं येड्यासारखं, मान अवघडते, आणि एका बाजूचं पाणी अजिबात दिसत नाही. तर त्या एका बाजूला, तुम्हाला सांगतो, त्या नेमक्या बाजूला मेव्हण्यानं हळूच आपली बोट पाण्यात सोडली!

का सोडली? नंतर म्हणतो, "मोटर थंड करत होतो, भाऊजी." थंड? सकाळपासून चालवली नव्हती ती गरम कशानं झाली? लाटा उठवायला सोडली हो! गुपचूप, अशी पाय ओढत ओढत, खांबांच्या अगदी तोंडाशी. बायको ओरडली, "अहो! अहो, समोर बघा!" माझं समोर म्हणजे रस्ता! मी रस्त्याकडे बघितलं, तिथे बदकं!

तेवढ्यात कडकड आवाज आला. माझ्या बोटीचं टोक त्याच्या बोटीच्या ढुंगणात घुसलं, पार आतपर्यंत, आणि अडकलं. हा घाबरला आणि घाबरून यानं काय करावं? थांबवायची सोडून पुरता वेग दिला! आता मागून माझी मोटर, पुढून त्याची मोटर, एकाच सांगाड्यावर दोन राक्षस! ते सगळं लचांड पाण्यावरून उठलं, हवेत पेटलं, पेटलेलंच खांबांच्या मधून आरपार गेलं आणि समोरच्या दगडावर आपटून असं फुटलं की पंख्याचं एक पातं सासऱ्यांची टोपी घेऊन गेलं. टोपीखालचं डोकं शाबूत राहिलं म्हणून बरं.

मी रिमोट टाकला आणि पाण्यात उडी मारली. बोटीसाठी नाही हो, बोट कुठे राहिली होती? मेव्हणा तुकडे गोळा करायला कमरेएवढ्या पाण्यात उतरला होता, त्याच्यासाठी! त्यानं बोटी पकडायची जाळी माझ्या डोक्यात घातली, मी जाळीसकट त्याच्या पोटात डोकं घातलं. त्यानं माझा कान धरला, मी त्याचं नाक. "भाऊजी, सोडा!" "आधी तू सोड!" माझं कोपर लागलं आणि त्याचा समोरचा दात पडला. दाताच्या डॉक्टरचा दात! तो पाण्यात दात शोधायला वाकला तशी मी दोन्ही हातांनी त्याची मान धरली... आणि काठावरून सासऱ्यांचा आवाज आला, "रेकॉर्ड झाला! आजवरचा सगळ्यात मोठा!"

मी म्हटलं, "माझा?"

"दोन फेऱ्यांच्या मध्ये बोटीला काही जोडलं तर चालतं. नियमात आहे."

"अहो बाबा, जोडलं नाही, घुसलं ते!"

"कसं जोडावं हे नियमात नाही. जोडभाग कोणाचा?"

"माझा, बाबा," हा रक्ताची गुळणी टाकत म्हणाला.

"मग नोंद दोघांच्या नावावर."

दोघांच्या! फळ्यावर आता एकाच ओळीत दोन नावं, मध्ये 'आणि'! मी पाया पडलो, म्हटलं बाबा, माझं नाव काढा. तर म्हणतात, नोंद खोडता येत नाही, मोडता येते. मग मोडतो म्हटलं, एकटा मोडतो! कशी मोडणार? ती बोट हवेतून गेली होती, पेटून गेली होती, दोन मोटरींवर गेली होती! तो वेग एकट्याच्या बापाला येणार नाही! खेळणं म्हणू नका त्याला, जन्मठेप म्हणा!

आणि सेक्रेटरींनी, मेल्यानं, मी मान धरली नेमका तेव्हा फोटो काढला. सासूबाईंनी तो मोठा करून जेवायच्या टेबलासमोर लावलाय. कमरेएवढ्या पाण्यात मी आणि मेव्हणा, माझे दोन्ही हात त्याच्या गळ्यात, त्याचे डोळे भरून आलेले. येणारा जाणारा प्रत्येक जण त्या फोटोपुढे थांबतो आणि म्हणतो, "वा! मेव्हण्यावर एवढी माया हल्ली कुठे बघायला मिळते!"

मी पानातला घास गिळतो आणि म्हणतो, हो ना... फोटो आणखी जरा उशिरा काढला असता, तर याहून जास्त दिसली असती.