जाणूनबुजून

नाही, या पेशंटच्या फाईलला तो कोड नको — तो गोळ्या विसरणाऱ्यांचा. वय झालेलं असतं, ध्यानात राहत नाही, गोळी चुकते, त्याला 'नकळत' लावायचं. इथे डॉक्टरांनी काय लिहिलंय ते वाच ना — 'रक्तदाबाच्या गोळ्या आठ महिन्यांपासून स्वतःहून बंद.' स्वतःहून. म्हणजे 'जाणूनबुजून'. अगं, घरच्या माणसाची फाईल आपण करायची नसते, म्हणून तुझ्याकडे दिली. हो, आमचेच हे. आडनाव बघून वाटलंच असेल तुला.

असं बघू नकोस, मी बरी आहे. रोज सकाळी मी गोळी हातावर ठेवायचे, पाण्याचा पेला पुढे करायचे, आणि हे घोट घेऊन म्हणायचे, झालं. जिभेखाली धरून ठेवायचे — माझी पाठ वळली की बेसिनमध्ये. आणि मी कोण? एकोणीस वर्षं हेच काम करतेय, लोकांनी औषध घेतलं की नाही ते कागदावरून सांगणारी. पुढची ओळ वाच. 'पत्नीस कल्पना नाही. मुलीने दुजोरा दिला.' म्हणजे पोरीलाही ठाऊक होतं. दर रविवारी माझ्यासमोर बसून जेवत होती ती.

का म्हणून काय विचारतेस — लिहिलंय की खाली, चक्कर येते, सुस्ती येते. मला कधी बोलले नाहीत — म्हणजे, एकदा बोलले होते. गोळी घेतली की दिवसभर डोकं जड राहतं म्हणाले. मी म्हटलं, असली कारणं मी रोज टाइप करते, मला नका सांगू. मग त्यांनी विषयच काढला नाही. आणि मी तोंड उघडून दाखवायला लावायचे — काळजीनेच गं, दुसरं काय. जीभ उचला म्हणायचं तेवढं सुचलं नाही.

वरच आहेत, तिसऱ्या मजल्यावर. झटका आल्यापासून डावा हात अजून हलत नाही. मला इथे नर्सच्या नोंदी दिसतात ना — वाचायच्या नसतात, पण वाचते — काल दोन घास खाल्ले, बायको आली का विचारलं. चार दिवस झाले, मी वर गेलेले नाही. जाऊन बोलू काय?

भर तू. 'जाणूनबुजून'च भर, माझी दया येऊन दुसरं काही नको. आणि चक्कर येत होती, तेही लिही — राहून जाईल नाहीतर. झालं? जा मग, जेवून घे. दार ओढून घे जाताना.