पलीकडची कडी

...नाही, आत नाही. इथंच उभे राहा, डॉक्टर, धूर येत नाही त्या बाजूला. आणि तो चॉकलेटचा डबा कट्ट्यावर ठेवा, हातात धरून उभे राहिलात म्हणून मी काही तो घेणार नाहीये. ऐकलं मी. पहिल्यांदा बोललात तेव्हाच ऐकलं — रिटायर झालात, पुढच्या आठवड्यात केंब्रिजला चाललात मुलाजवळ, कायमचे, आणि जायच्या आधी पद्माकरला एकदा बघायचंय. नोव्हेंबरमध्ये फोनवर सांगितलं होतं, आज तोंडावर सांगते — ह्यांना तुम्हाला भेटायचं नाही. त्यांनी स्वतः सांगितलंय मला. नाव घेऊन सांगितलंय, हरीश आला तर वर पाठवू नकोस म्हणून. झालं? मग काढा गाडी. एडिनबराचा रस्ता ठाऊक आहे तुम्हाला, इतकी वर्षं आलात-गेलात त्या रस्त्यानं.

जात नाही म्हणता. बरं, राहा उभे. मला ही चूल सोडून हलता येत नाही, नाहीतर मीच आत जाऊन दार लावून घेतलं असतं. यंदाची शेवटची कढई आहे ही. वर बघा — झाडाच्या वर म्हणतेय मी, खिडकीकडं नाही — कळ्या फुगल्यात, टोकाला हिरव्या दिसायला लागल्यात. म्हणजे संपलं. कालच झाडांचा रस गढूळ आला होता, आजच्याला तर वास येतोय. कळी फुटायला आली की काकवी कडवट होते — हे मी कुणाला सांगतेय? तुम्हीच तर ही खुळं आणलीत ह्या घरात. फेलोशिपला कॅनडात गेलात सहा महिने, येताना बायकोला, सुलक्षणाला, काय आणलंत देव जाणे, ह्यांच्यासाठी मात्र मेपलच्या झाडाला ठोकून रस काढायच्या नळ्या. मी म्हटलं, अहो, इथं स्कॉटलंडमध्ये मेपल कुठाय? तर म्हणालात, वहिनी, तुमच्या मागच्या अंगणात हे तीन सिकमोर उभे आहेत ना, ते त्याच्याच भावकीतले. भावकी. आणि पहिल्या वर्षी स्वयंपाकघरात आटवत बसलात दोघं, सकाळपासून, एवढी वाफ की माझा नवा वॉलपेपर सुटून सिंकमध्ये आला. हसत होतात दोघं. मीही हसले. मूर्ख होते.

सरका थोडे, मळी काढू दे. हो, भेंडीच. अजून भेंडीच घालते. एडिनबराला लीथ वॉकवरच्या देशी दुकानातून आणायची, ठेचायची, तिचा चिकट रस सोडायचा, सगळी घाण वर येते. ह्यांच्या घरचं कागलचं गुऱ्हाळ — आजोबा करायचे तसंच करायचं, सिकमोर असो नाहीतर ऊस. तुम्ही म्हणाला होतात, कॅनडात असं कुणी करत नाही, आणि हे म्हणाले, तुझ्या कॅनडाला कागल माहीत नाही. असं बोलायचात एकमेकांशी. सख्ख्या भावासारखं कशाला म्हणू, सख्खा भाऊ ह्यांना आहे की, तो दिवाळीला फोन करतो. तुम्ही रोज यायचात.

आणि ह्याच चुलीच्या विटांपाशी, डॉक्टर, ह्याच — आता का खाली बघताय — शहाऐंशीच्या मार्चमध्ये ह्यांनी तुम्हाला विचारलं. मी तिथं दारात होते, चहा घेऊन. हरीश, त्या कन्सल्टंटच्या जागेला तू अर्ज करणार आहेस का? करणार असशील तर सांग, मी मागं सरतो, आपल्यात नको. सरळ विचारलं. आणि तुम्ही कढईत बघत म्हणालात, नाही रे पद्या, नंबर तुझा आहे. तुमचा अर्ज तेव्हा जाऊन आठ दिवस झाले होते. तेही एक वेळ सोडा. पण मग तीन रविवार तुम्ही इथं उभे राहून ह्यांचा इंटरव्ह्यू घेतलात. हे विचारतील, ते विचारतील, म्हाताऱ्यांच्या वॉर्डासाठी तू काय करशील सांग — आणि ह्यांनी सगळं सांगितलं तुम्हाला. घरी फिजिओ पाठवायची ती कल्पना कुणाची होती? डे हॉस्पिटल कुणाच्या डोक्यात होतं? ह्यांचं बोलणं तुम्ही ह्यांच्या आधी आत जाऊन बोलून आलात. हे आत गेले तेव्हा पॅनेलवरचा तो गोरा म्हणे हसला आणि म्हणाला, हे तर आत्ताच ऐकलं आम्ही. घरी येऊन हे एवढंच म्हणाले मला. जेवले नाहीत.

काय? माफी? नको. माफी मला मागू नका, मला राग यायचा थांबलेला नाही आणि थांबावा असं वाटतही नाही. तुमचा राग येतो मला. सकाळी उठल्यावर येतो, ह्यांचं तोंड पुसताना येतो. नऊ वर्षं ह्यांनी तुमच्या मागून राउंड घेतला. तुम्ही पुढं, हे मागं, नर्सेससमोर तुम्हाला सर म्हणायचे. पद्या म्हणणाऱ्याला सर. मी म्हटलं मँचेस्टरला जाऊ, दुसरं हॉस्पिटल बघू, तर म्हणे झाडं कुठं न्यायची. म्हणजे बघा. झाडं.

त्या शेडमधल्या फळीकडं काय बघताय? काही नाही तिथं. जुन्या बाटल्या आहेत. नका, हात नका लावू. कुणाच्या म्हणजे काय, आमच्याच — मधलं झाड तुमचं होतं ना, ठरवलं होतंत ना तुम्ही, एक पद्याचं, एक हरीशचं, एक मुलांचं. तर ह्यांनी तुमच्या झाडाचा रस कधी दुसऱ्यात मिसळू दिला नाही. दर मार्चला वेगळा आटवायचा, वेगळा भरायचा, वर ठेवून द्यायचा. मी एकदा पाडव्याला त्यातली उघडायला घेतली तर ओरडले माझ्यावर. ह्यांना ओरडताना कधी ऐकलंय तुम्ही? मी नव्हतं ऐकलं. तो येईल तेव्हा त्याला द्यायचीय म्हणाले. येईल म्हणे. एवढ्या जवळ राहत होतात, आणि हे येईल म्हणून बाटल्या भरतायत. ते बघून माझं डोकं फिरायचं. म्हणून यंदा मी मिसळला. तिन्ही झाडांचा एकत्र. ही सगळी एकच कढई आहे. काय करतील? ओरडणार थोडेच आहेत. उजवा हात गेला आणि जीभ गेली, स्ट्रोक झाल्यापासून एक अख्खा शब्द नाही निघालेला तोंडातून, पाणी असंही म्हणता येत नाही, काठी आपटतात जमिनीवर आणि मी —

काय झालं? असं काय बघताय माझ्याकडं?

हो. नाही सांगितलं त्यांनी. कसं सांगतील? मीच सांगितलं. फोनवरही मीच, आत्ताही मीच. नाव घेऊन वगैरे — ते माझंच. तुमचा फोन आल्याचं मी त्यांना कळवलंसुद्धा नाही. मग? खोटं बोलायचा मक्ता काय तुम्ही एकट्यानं घेतलाय? जा, सांगा सगळ्यांना, मंडळात सांगा पाडव्याला, सुप्रभा नवऱ्याच्या नावानं खोटं बोलते. मला काही वाटायचं नाही. चार महिने मी त्यांना उठवते, बसवते, भरवते, चार महिन्यांत तुम्ही कुठं होतात — हां, फोन केलात. एक फोन. बाईनं नको म्हटलं, तर सुटलो म्हणून खाली ठेवलात. खरं सांगा, बरं वाटलं ना तुम्हाला, मी नको म्हटल्यावर?

बोलू नका. नकोच आहे मला उत्तर.

ती वरची खिडकी त्यांच्यासाठी उघडी ठेवते. वास लागतो त्यांना. पाकाला तार आली की खाली माझ्या आधी वर त्यांना कळतं, वासावरून, मग काठी आपटतात की उतरव आता. तेवढं एक काम राहिलंय त्यांना ह्या घरात. आणि कढई ही अशी — तुम्हीच भंगारातून आणलेली कँटीनची, एवढी पसरट, एका माणसाला उचलत नाही, एक बाजू उचलली की दुसरीकडून सांडते. आधी दोन्ही कड्या तुम्ही दोघं धरायचात, मग मी आणि हे. यंदा शेजारच्या मिसेस मॉरिसन येतात धरायला. आज त्या बहिणीकडं गेल्यात. चालेल, मी डावानं काढणार आहे थोडं थोडं, मला काही कुणाची —

काठी.

ऐकलीत? अगं बाई, बोलत काय बसले मी, कडेनं बघा, काळी पडायला लागली, तळाला धरणार आता. डावानं नाही व्हायचं हे. बघत काय राहिलात, ते फडकं घ्या तिथलं, घ्या, पलीकडची कडी धरा, भावजी — एकदम उचला, माझ्याबरोबर — वर, वर, तुमची बाजू खाली जातेय — हां. असंच या. मागं वीट आहे, बघून. ठेवा. सावकाश.

लागली नाही. कडवट असेल, पण लागली नाही.

सोडा कडी आता. सोडा म्हटलं ना.

अजून आपटतायत. कढई उतरली, वासही खाली बसला, तरी — वर बघू नका. सांगतेय ना, बघू नका वर.

बघितलंत. एकटे उठून आलेत खिडकीशी. फिजिओच्या बाईला एवढे महिने जमलं नाही ते. हात हलवू नका. खाली घ्या तो हात, मला बघवत नाही.

कुठं निघालात? ह्या दारानं नाही. स्वयंपाकघरातून वर जायचं ते घरच्यांनी. तुम्ही वळसा घालून पुढच्या दाराशी जा, पाहुणे जातात तसे. डबा उचला तो. बेल वाजवा आणि पायरीवर उभे राहा. दार उघडायला मीच आहे, आणि मला आधी हे गाळायचंय, मग कढई घासायचीय. घाई मी करणार नाही. थांबा तिथं. ह्यांना थांबावं लागलं तेवढं नाही लागायचं तुम्हाला. जा.