भिंतीकडची खुर्ची

मंडळी, ऐका! आपल्या तोंडून खोटं गेलं — अगदी नकळत — तर ते निस्तरायचं कुणी? देवानं? हसू नका! आधी द्वारकाकाकूंचं ऐका.

काकूंचे गुडघे पार झिजलेले. जन्मभर पंगतीत वाकून वाढलेली बाई, आणि उत्सवाला तिचं पान भिंतीकडच्या खुर्चीवर! रडू यायचं हो. मग शहरात, मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, नव्या उपचाराची चाचणी निघाली. आपल्याच अंगातल्या पेशी काढायच्या, आपल्याच गुडघ्यात टोचायच्या! काकू टोचून घेऊन आल्या, सांगितलेला व्यायाम केला — आणि पुढच्या उत्सवाला मांडी घालून पंगतीत! "पेशींची कमाल गं!" प्रत्येकीला सांगत सुटल्या. पंगतीत मांडी घातली, की आपल्याला दुसरा पुरावा लागतो का?

धाकटी जाऊ मालन. तिचेही गुडघे गेलेले, वर साखरेचा आजार. काकूंच्या शब्दावर तिनं बाजारपेठेतला, पैसे घेऊन पेशी टोचणारा एक 'पेशीवाला' गाठला. उद्या सुई!

आणि आज काकू शेवटच्या तपासणीला गेलेल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, चाचणी संपली, आता सांगते. पेशी काढल्या सगळ्यांच्या, पण तुलना करता यावी म्हणून टोचल्या निम्म्यांनाच. तुम्हाला दिलं ते मिठाचं पाणी."

अहो — मिठाचं पाणी!

"पण माझं दुखणं गेलं की हो!"

"पाण्यानंही पुष्कळांना आराम पडतो. व्यायामही केलात तुम्ही. पेशींनी त्याहून जास्त गुण येतो का, ते आम्हालाच अजून नक्की ठाऊक नाही. हे सगळं आधीच सांगितलं होतं."

सांगितलं होतं हो! काकूंनी मान डोलावली होती — आत्ता तुम्ही डोलावताय तश्शी!

"आणि बाजारात कुणी टोचत असेल, तर जाऊ देऊ नका. तिथल्या एकाचा गुडघा पिकून इथं आलाय."

काकू तशाच गावी परतल्या. संध्याकाळी उत्सवाची पंगत बसली. खुर्चीवरून मालन म्हणते, "पुढच्या उत्सवाला मीही खाली!" गप्प राहावं, तर मालन जाते. बोलावं, तर गावभर हसं!

काकू उठल्या. भरल्या पानावरून! "मालन, उद्या जायचं नाही! मला मिठाचं पाणी टोचलं होतं. मी तुला चुकीचं सांगितलं गं!"

वाढपी जागच्या जागी थिजले. मालन फणकारली. "जाऊबाई, जळता माझ्यावर! तुम्ही खाली बसायचं, आणि मी जन्मभर खुर्चीवर?"

मग काकूंनी काय केलं? आपलं पान उचललं, भिंतीशी नेलं, मालनशेजारच्या खुर्चीवर बसल्या. "त्या डॉक्टरीणबाईंना तुझे गुडघे दाखवू. तुला बरं वाटेतो मी इथंच."

मालननं शेजारच्या पानाकडे बघितलं. मग तिनं भात कालवायला घेतला.

मंडळी, धड गुडघ्यांची बाई खुर्चीवर बसली! आणि आपण? आपल्या शब्दावर कोण उद्या सुईखाली जाणार आहे, आठवा बरं! आठवलं? मग आरतीला थांबू नका. उठा — आधी त्याच्या दारी जा!