मोरपंखीतला बुलबुल

साल २०२३. तेरच्या स्टँडवर द्वारकाबाईंच्या कानावर शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याचं बोलणं पडलं.

"आपल्या इराच्या लग्नाच्या मांडवाची मेढ नेमकी मोरपंखीच्या जागी येतीये. उद्या झाड तोडतो."

"अहो, त्यात बुलबुलाची पिलं आहेत."

"वीस वर्षं वाढवलेलं झाड मी तोडतोय, आणि तुला पंधरा दिवसांच्या पाखराची काळजी."

"मोरपंखी तुमच्यासारखी. बारमाही हिरवी, पण मुकी. बुलबुल बोलतो तरी."

"तुझ्यासारखा. पहाटेपासून."

"मग आधी कुणाला काढता?"

"मेढच दोन हात सरकवतो. गाडी आली, चल."

गाडीत द्वारकाबाई त्या दोघांच्याच, मार्तंडराव आणि अनसूयाबाईंच्या, शेजारी बसल्या आणि ओळख झाली. पुढं इरा सासरी गेली, पिलं तिच्याआधीच उडाली. मार्तंडराव अजूनही मुकेच आहेत, असं अनसूयाबाई दर गुरुवारी द्वारकाबाईंना फोनवर तासभर सांगतात.